माल कोणाचा, मजुरी कोणाची

गिरणगावाला अफगाणिस्तान भेटला तो पगाराच्या दिवशी. भोंगा व्हायचा, पाळी सुटायची आणि फाटकाबाहेर पायघोळ सलवार घातलेला, डोक्याला पटका गुंडाळलेला पठाण काठी टेकून उभा असायचा. त्यातला कुणी काबूलकडचा असे, कुणी सरहद्द प्रांतातला. चाळीच्या लेखी सगळेच काबुली. त्यांच्या कर्जाला तारण लागत नसे, जामीन लागत नसे. व्याज मात्र रुपयामागे महिन्याला एक आणा, कधी दोन. एका आण्याचा हिशेब धरला तरी वर्षाचे ७५ टक्के होतात. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या शाही कामगार आयोगाने १९३१ च्या अहवालात हा दर सर्रास चालणारा म्हणून नोंदवला आहे. म्हणजे शंभर रुपये घेतलेला माणूस दीड वर्षाच्या आतच शंभराहून जास्त व्याज भरून बसायचा आणि मुद्दल जागच्या जागी असायचं.

या पठाणांविषयीची चीड मनात साचत गेली होती. गिरणगावातल्या काळाचौकीला लागूनच असलेल्या शिवडीत तेल कंपन्यांचे डेपो होते. १९२८ च्या अखेरीला तिथल्या कामगारांनी संप केला, तेव्हा त्यांच्या जागी पठाण भरले गेले. पुढे फेब्रुवारी १९२९ मध्ये, पठाण लहान मुलं पळवतात अशी आवई उठली आणि मुंबईत दंगल पेटली. अफवा खोटी होती, पण ती पटायला लोक आधीपासून तयार बसले होते. ज्याच्या भीतीने पगाराच्या दिवशी मागच्या फाटकाने सटकावं लागतं, त्याच्याविषयी माणूस काहीही खरं मानतो.

पठाण ही मात्र शेवटची पायरी. त्याच्या आधी वाण्याकडची उधारी असे, मुकादमाची उसनवार असे, आणि या सगळ्यांच्या आधी घरातलं सोनं. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून आलेल्या गिरणी कामगाराच्या बायकोच्या अंगावर सोनं असून असून किती असणार? मंगळसूत्राच्या दोन वाट्या, कानातली फुलं, फार तर एखादी बोरमाळ. पण घरात कोणत्याही क्षणी रोकड होऊ शकेल अशी तेवढीच वस्तू. आजारपण आलं, गावाकडे मयत झाली, संप लांबला, की वाट्या सोडवून सराफाकडे जायच्या आणि काळी पोत तेवढी गळ्यात राहायची. दागिना घडवून पोट भरणाऱ्या बायकांविषयी लिहायचं तर दागिना गहाण टाकणाऱ्या बायकांपासून सुरुवात करावी लागते, कारण दोघींपुढचा प्रश्न एकच आहे. कसब हातात आहे, मेहनतीला तयारी आहे, पण पहिलं भांडवल कुठून आणायचं आणि ते ज्याच्याकडून आणलं तो भाव कोणत्या हिशेबाने ठरवणार?

काळाचौकी हे या प्रश्नाचं उत्तर शोधायला चांगलं ठिकाण आहे. एका अंगाला लालबाग, दुसऱ्या अंगाला कॉटन ग्रीन. कापसाचा बाजार १९२० च्या दशकात कुलाब्याहून इकडे हलला, तेव्हापासून विदर्भ-खानदेशातल्या गासड्या इथल्या गोदामांत येऊन पडू लागल्या. आजच्या दत्ताराम लाड मार्गावर इंडिया युनायटेडच्या दोन आणि तीन नंबरच्या गिरण्या. त्यांच्या आवारात महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय उभं करण्याचा प्रकल्प बरीच वर्षं चालू आहे. संग्रहालयात यंत्रं असतील, साचे असतील, भोंगाही असेल. गिरणी चालवण्यासाठी जे लागायचं त्यातला एक मोठा भाग मात्र गिरणीच्या भिंतीबाहेर, दहा बाय बाराच्या खोल्यांत, स्टोव्हवर शिजत होता.

गिरणीतही बायका होत्याच. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतल्या दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती, बहुतेक वाइंडिंग आणि रीळ खात्यात. पुढे यंत्रं बदलली, तिसरी पाळी आली, रात्रपाळीत बायकांना मनाई झाली, बाळंतपणाच्या रजेचा खर्च मालकांना नकोसा झाला आणि ती संख्या ओसरत ओसरत गिरण्यांच्या शेवटच्या काळात नगण्य झाली. कायदे बायकांच्या भल्यासाठी केले होते. त्यांचा वापर बायकांना बाहेर काढायला झाला, हा त्या काळातला एक कडू हिशेब आहे. गिरणीतून बाहेर पडलेल्या बाईला जे काम उरलं ते खाणावळीचं.

खाणावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. कोकणातून एकटे आलेले कामगार गाळ्यावर राहत. एका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीपाळीने झोपायचे. त्यांच्यातले दहा-बारा जण एखाद्या मावशीकडे जेवायला जात. नवरा गेलेली, टाकलेली, किंवा ज्याचा पगार दारूत जातो अशा माणसाची बायको ही मावशी असे. पहाटे उठून पहिल्या पाळीचे डबे, दुपारी दुसऱ्या पाळीची पंगत, रात्री उशिरा परतणाऱ्यांसाठी झाकून ठेवलेली ताटं. बुधवारी-रविवारी मासळी. कोणाला वातूळ चालत नाही, कोणाला भात जास्त लागतो, कोणाच्या गावी जत्रा आहे म्हणून तो चार दिवस नाही, हे सगळं तोंडपाठ. आणि हिशेब महिन्याचा. जेवणारा पगार झाल्यावर पैसे देणार, तोवर तांदूळ, डाळ, तेल, रॉकेल वाण्याकडून उधार.

इथेच गोम होती. वाणी उधारीवर देतो तेव्हा भाव दोन पैसे चढाच लावतो आणि निवडक मालही देत नाही. नगदी घेणारीला जो तांदूळ मिळतो तो उधारवालीला मिळत नाही. एखाद्याने पैसे बुडवले तर तो खड्डा मावशीचा, वाण्याचा नव्हे. आणि संप झाला की दहा-बाराही जण एकदम देणेकरी. त्यांना उपाशी ठेवणं तिला शक्य नसे. लोकलाज असे, आणि उद्या संप मिटल्यावर हेच गिऱ्हाईक परत येणार हा व्यवहारही असे. मग ती गळ्यातल्या वाट्या काढून द्यायची. संपाच्या इतिहासात नेत्यांची भाषणं आहेत, मोर्चे आहेत, गोळीबार आहेत. संपकऱ्याला दोन वेळचं जेवण उधारीवर घालून संप टिकवणारी बाई त्यात फार उशिरा आली.

तिला पुढे आणलं प्रेमा पुरव यांनी. त्या मूळच्या गोव्याच्या. लहान वयातच गोवा मुक्तीच्या लढ्यात ओढल्या गेल्या आणि पुढे मुंबईत कम्युनिस्ट पक्षाच्या कामात आल्या. त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीतले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या गिरणी संपात प्रेमाताईंच्या लक्षात आलं की कामगारांसाठी संघटना आहे, त्यांच्यासाठी निधी आहे, पण कामगारांना जेवू घालणाऱ्या बायकांची कुठे नोंदसुद्धा नाही. १९७५ मध्ये, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं.

मंडळाने पहिली गोष्ट केली ती कर्जाची. हे सुचायला काळही अनुकूल होता. १९६९ च्या जुलैमध्ये १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. १९७२ पासून ‘विभेदक व्याजदर’ योजनेत गरिबांना फक्त चार टक्क्यांनी कर्ज देण्याची सोय सरकारी बँकांत होती. सोय कागदावर होती एवढंच. खाणावळवाली बाई बँकेच्या पायऱ्या चढून गेली तर शिपाईच तिला परत पाठवणार. तिचं दुकान नाही, परवाना नाही, खोलीची पावती नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, सही येत नाही. बँक ऑफ बडोदाने सुरुवातीला १४ जणींना कर्ज दिलं. तारण म्हणून वस्तू नव्हती. एकीने दुसरीची हमी घ्यायची, गल्लीतल्या बायकांनी मिळून परतफेडीवर लक्ष ठेवायचं, अशी रचना होती. बांगलादेशातल्या जोब्रा गावात मोहम्मद युनूस यांचा गाजलेला प्रयोग सुरू झाला तो १९७६ मध्ये, म्हणजे त्याच सुमाराला. सूक्ष्म कर्जाचा इतिहास सांगताना जगभर जोब्राचं नाव घेतात. दादर-लालबाग-परळच्या चाळींचं नाव तेवढं घेतलं जात नाही, ते घ्यायला हवं.

आता हे कर्ज नेमकं काय करत होतं ते पाहा. मावशीच्या हातच्या जेवणात काही बदल झाला नाही. गिऱ्हाईक तेच, खोली तीच, स्टोव्ह तोच. बदललं ते एवढंच की महिन्याच्या सुरुवातीला तिच्या हातात रोख रक्कम आली. ती वाण्याकडे न जाता घाऊक बाजारातून पोतं आणू शकली. पूर्वी वाण्याच्या चढ्या भावात आणि सावकाराच्या व्याजात जाणारा पैसा घरात राहू लागला. ७५ टक्के आणि चार टक्के यांतलं अंतर हीच तिची कमाई होती. स्वयंपाकाचं कौशल्य असूनही ती आधी गरीबच होती. प्रेमाताईंना पुढे पद्मश्री मिळाली, अन्नपूर्णाचं काम वाढलं, वाशीला केंद्र उभं राहिलं, प्रशिक्षण आणि कायदेशीर मदतही सुरू झाली. पण या संस्थेची मूळ कल्पना एका ओळीची आहे आणि ती ओळ स्वयंपाकाविषयी नाही, खेळत्या भांडवलाविषयी आहे.

गिरगावात तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला गेला होता. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवासच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनी पापड लाटायला घेतले. त्यात जसवंतीबेन पोपट होत्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड आज देशभर आहे. तिथे बाई सकाळी केंद्रावरून मळलेलं पीठ घरी नेते, लाटून वाळवून दुसऱ्या दिवशी आणून देते आणि वजनावर मजुरी घेते. वरवर पाहिलं तर ही पद्धत कोणत्याही शेठच्या घरकामासारखीच आहे. फरक मालकीत आहे. लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची सभासद असते, नफा-तोट्यात तिचा वाटा असतो. मुंबईत त्यांना केंद्रापर्यंत ने-आण करायला छोट्या बसही असतात. ही बस गमतीची वाटेल, पण तिच्यावर पुढे यायचं आहे.

आता दागिन्यांकडे. महाराष्ट्रात दागिना बाईच्या अंगावर आणि दागिन्याचं काम पुरुषाच्या हातात, अशी वाटणी शतकानुशतकं होती. सोनाराच्या दुकानात भट्टीशी पुरुष, पटवेकऱ्याकडे रेशमाच्या दोऱ्यात मोती आणि मणी गाठवणारा पुरुष. कोल्हापूर जिल्ह्यातलं हुपरी हे चांदीच्या पैंजणांचं गाव. तिथे घरातल्या बायका कड्या जोडण्याचं, घुंगरू बसवण्याचं काम करत आल्या आहेत, पण व्यापारी चांदी देणार, कारागीर वजनाला वजन परत करणार आणि मजुरी घेणार हा व्यवहार घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावावर. १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आलं, १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी झाली, तेव्हा हजारो सोनारांचा धंदा बसला आणि त्यावर देशभर ओरड झाली. ती ओरड रास्त होती. त्या कारागिराच्या घरात कड्या जोडणाऱ्या बाईचा रोजगारही गेला, त्याची मोजदाद मात्र झाली नाही.

बाई दागिन्याच्या धंद्यात आली ती सोन्यातून नव्हे, नकलीतून. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांच्या बाबतीत तो संप मिटलाच नाही. घरात पगार येणं बंद झालं. आधी सोनं गेलं, मग भांडी, मग गावाकडची जमीन. बायका बाहेर पडल्या. कुणी धुणीभांडी धरली, कुणी भाजी विकली, कुणी लालबागच्या बाजारात मिरच्या निवडायला गेल्या. आणि ज्यांना घराबाहेर जाणं शक्य नव्हतं किंवा जाऊ दिलं जात नव्हतं, त्यांच्याकडे काम चालत आलं. राख्या, झिप, अगरबत्तीच्या पुड्या, आणि मण्यांच्या माळा.

हे काम कसं चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. भुलेश्वरच्या किंवा मालाडच्या व्यापाऱ्याकडून माल घेऊन येणारी एक बाई असते, बहुधा त्याच वस्तीतली. ती वजन करून काळे मणी, सोनेरी मणी, तार आणि नमुन्याचा एक तुकडा देते. घरातल्या खाटेवर जुनं पातळ अंथरून त्यावर मणी पसरायचे, म्हणजे घरंगळत नाहीत. सुई वापरली तर वेळ जातो, म्हणून सरावलेली बाई दोऱ्याचं टोक मेणात कडक करून तेच मण्यांच्या ढिगात खुपसते आणि एका खेपेला पाच-सहा मणी वर घेते. दुपारी शाळेतून आलेली मुलगी शेजारी बसते. तिचे हात मजुरीत धरलेले नसतात, पण डझन पुरा व्हायला ते लागतात. मजुरी डझनावर किंवा ग्रोसवर. मणी कमी भरले तर पैसे कापणार, गाठ सुटली तर माल परत. मजुरीचा दर वाढवून मागितला तर माल पलीकडच्या चाळीत. व्यापारी कोण हे ओवणारीला माहीत नसतं, आणि आपली माळ कोणत्या दुकानात केवढ्याला विकली जाते हेही नाही. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने अजून त्याला मान्यता दिलेली नाही.

या कामाला स्वावलंबन म्हणायची एक पद्धत आहे. सरकारी पत्रकांत आणि कंपन्यांच्या अहवालांत तो शब्द सढळ हाताने वापरलेला असतो. मला तो तिथे खटकतो. स्वतःच्या घरात बसून, स्वतःची वीज जाळून, स्वतःच्या मुलीला जोडीला घेऊन दुसऱ्याचा माल ओवणं हा रोजगार आहे, आणि उपाशी राहण्यापेक्षा तो केव्हाही बरा. पण त्यात स्वतःचे असे फक्त श्रम आहेत.

मग नथ घ्या. गेल्या काही वर्षांत नथ पुन्हा जोरात आली. मालिका, लग्नांतले फोटो, गुढीपाडव्याच्या शोभायात्रा यांनी तिला बाजार दिला. घरी बसून नथी करणाऱ्या बायका आज मुंबईच्या कोणत्याही मराठी वस्तीत सापडतील. सामान फार नसतं. आकार धरणारी जाड तार, गुंफायला केसासारखी बारीक तार, मोती, मध्ये लाल-पांढरे खडे, नाक टोचलेलं नसेल त्यांच्यासाठी चाप. बारीक तारेत मोती घ्यायचा, जाड तारेला वेढा द्यायचा, ओढायचा, पुढचा मोती. वेढा सैल राहिला तर मोती फिरतो, जास्त ओढला तर तार तुटते आणि सगळी नथ उसवून पहिल्यापासून. समजा एका नथीचं सामान ५० रुपयांचं आणि वेळ एक तासाचा. हीच नथ व्यापाऱ्याच्या सामानाने केली तर हातावर दहा-पंधरा रुपये पडतील. स्वतःच्या सामानाने करून सोसायटीच्या हळदीकुंकवाला किंवा गौरी-गणपतीच्या प्रदर्शनात दोनशेला विकली तर दीडशे. आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकीने स्वतःचे घालून पाहावेत. हात तोच, वेढा तोच.

हा फरक दिसतो तेवढा सोपा नाही. दोनशेला विकायची तर ५० रुपये आधी गुंतवावे लागतात, आणि एका नथीचे नव्हे, निदान शंभर नथींचे, कारण मोती माळेने आणि तार वजनावर घेतली तरच तो भाव मिळतो. म्हणजे पाच हजार. गणपती संपल्यावर उरलेल्या नथी पुढच्या सणापर्यंत डब्यात पडून राहणार, तोवर पैसे अडकले. इथेच बचत गट उपयोगी पडतो. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळ २४ फेब्रुवारी १९७५ ला स्थापन झालं. बचत गटांना बँकांशी जोडण्याचा नाबार्डचा कार्यक्रम १९९२ पासूनचा. दरवर्षी वांद्र्याला भरणाऱ्या ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शनात गावोगावच्या गटांचे गाळे असतात आणि झुणका-भाकर, मसाले, पापडांच्या जोडीला दागिन्यांचेही. मुंबईकर तिथे मुख्यतः खायला जातात, हे मान्य करून सांगतो, की दागिन्यांच्या गाळ्यावर थोडा वेळ थांबून पाहावं. कोणती बाई भाव स्वतः कमी-जास्त करते आणि कोणती फोन लावून विचारते, यावरून माल कुणाचा आहे ते समजतं.

आता पठाणाच्या देशात जाऊ. तिथून मुंबईत व्याज येण्याच्या कितीतरी आधी महाराष्ट्रात एक निळा दगड आला होता. ईशान्य अफगाणिस्तानातल्या बदख्शान प्रांतात, कोकचा नदीच्या खोऱ्यात सर-ए-संग इथे लाजवर्दाच्या खाणी आहेत. सहा हजारांहून जास्त वर्षं त्या चालू आहेत. तुतनखामेनच्या सोनेरी मुखवट्यावरच्या भुवया आणि उर इथल्या राजघराण्याच्या थडग्यातले मणी त्याच दगडाचे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रांतला निळा रंगही लाजवर्द कुटूनच केलेला आहे. वाकाटकांच्या काळी हा दगड हिंदुकुश ओलांडून सह्याद्रीच्या कुशीत पोचला होता. पंजशीर खोऱ्यात पाचू, इतरत्र माणिक, टूर्मलिन. दगडांच्या बाबतीत अफगाणिस्तान श्रीमंत आहे.

दगड मात्र देशात थांबत नाही. बराचसा माल कच्चा, पोत्यांतून, पेशावरच्या नमक मंडीत जातो आणि तिथून पैलू पाडायला जयपूर, बँकॉक, चीनकडे. बदख्शानच्या लाजवर्दाचा पैसा सशस्त्र टोळ्यांच्या खिशात जातो, असं ग्लोबल विटनेस या संस्थेने २०१६ मध्ये सविस्तर मांडलं. खाणीतल्या मजुराला आणि काबूलच्या कारागिराला त्यातलं नाममात्र मिळतं. आपल्या कॉटन ग्रीनच्या गोदामांतून गासड्या परदेशी जायच्या आणि कापड होऊन परत यायच्या, त्याच चालीचा हा व्यवहार.

हे उलटं फिरवायचा एक प्रयत्न २००६ मध्ये सुरू झाला. ‘टर्कोइज माउंटन’ ही संस्था ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स आणि अफगाण अध्यक्ष हमीद करझाई यांच्या पुढाकाराने निघाली. पहिले प्रमुख होते रॉरी स्टुअर्ट. काबूल नदीकाठच्या मुराद खानी या जुन्या मोहल्ल्यात कचऱ्याचे ढीग उपसून पडके वाडे दुरुस्त केले गेले आणि तिथे सुतारकाम, कुंभारकाम, सुलेखन आणि दागिने शिकवणारी शाळा सुरू झाली. युद्धाच्या वर्षांत उस्ताद परागंदा झाले होते, काहींनी रस्त्यावर फळं विकून दिवस काढले होते. त्यांना शोधून आणलं. मुली दगडाला पैलू पाडायला आणि चांदीत बसवायला शिकल्या. हे काम तिथेही पुरुषांचंच मानलं जाई. पिपा स्मॉल यांच्यासारख्या लंडनच्या दागिनेकारांनी तिथल्या कारागिरांबरोबर संग्रह तयार केले. कच्चा दगड देशातच घडायचा आणि बाहेर जायचा तो दागिना होऊन, ही कल्पना होती. भारतातूनही मदत गेली होती. अहमदाबादच्या ‘सेवा’ने काबूलच्या बाग-ए-जनाना या बायकांसाठी राखलेल्या बागेत प्रशिक्षण केंद्र चालवलं. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या या संघटनेचा घरकाम करणाऱ्या बायकांचा अनुभव तिथे कामी आला.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान परतले. मुलींच्या माध्यमिक शाळा बंद झाल्या. डिसेंबर २०२२ मध्ये बायकांसाठी विद्यापीठं बंद झाली आणि स्वयंसेवी संस्थांतल्या नोकऱ्याही. जुलै २०२३ मध्ये ब्युटी पार्लरना टाळं लागलं, हजारो बायकांचा उरलासुरला धंदा त्यात होता. घरातून चालणाऱ्या हस्तकलेवर मात्र सरसकट बंदी आली नाही. त्यामुळे शिक्षिका, कारकून, परिचारिका होऊ शकल्या असत्या अशा मुली आज शिवणकाम, भरतकाम, मणीकाम आणि चांदीकाम करतात. बातम्यांत त्यांच्या जिद्दीचं कौतुक येतं आणि ते योग्यही आहे. पण १९८२ नंतरच्या गिरणगावाकडे पाहिलेल्या माणसाला त्या कौतुकात एक जुनी खूण दिसते. इतर सगळी दारं बंद झाल्यावर जे काम उरतं, त्यालाच निवड म्हटलं जातं.

त्यांच्या अडचणी पाहिल्या तर दागिना घडवणं हा त्यातला सोपा भाग आहे. डिसेंबर २०२१ पासून ७२ किलोमीटरपेक्षा लांब जायचं तर बाईबरोबर घरातला पुरुष हवा. म्हणजे खाणीजवळच्या बाजारातून स्वतः दगड निवडून आणणं संपलं. दगड दलाल आणून देईल त्या भावाने. लिज्जतची ती छोटी बस इथे आठवते. बाई आणि कच्चा माल यांच्यामधलं अंतर कोण आणि कसं कापतो, यावर दलाल किती खातो हे ठरतं. गिऱ्हाईक लंडन, दुबई, न्यूयॉर्कला. फोटो फोनवरून जातात, मागणी येते, माल कसाबसा विमानात चढतो. खरी गाठ पैसे परत येताना बसते. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेने अफगाण मध्यवर्ती बँकेची सुमारे सात अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. परदेशी बँका अफगाण खात्यांशी व्यवहार करायला कचरू लागल्या. निर्बंधांत सवलती दिल्या गेल्या तरी बँकांची धास्ती गेली नाही. मग पैसा जुन्या वाटेने येतो. दुबईत किंवा पेशावरात एकाच्या हाती रक्कम द्यायची, तो काबूलला निरोप पाठवतो आणि नदीकाठच्या सराई शहजादा या सराफ-बाजारात दुसरा ती मोजून देतो. प्रत्येक हात आपला वाटा काढतो.

अन्नपूर्णाच्या सुरुवातीच्या सभासदांपुढेही शेवटची अडचण हीच होती. कर्ज मंजूर झालं, तरी पासबुकावर नाव कुणाचं आणि पैसे काढायला जायचं कुणी? मंडळाने पासबुक बाईच्याच नावाचं हवं असा आग्रह धरला, सही शिकवली, पहिल्या खेपेला कार्यकर्ती सोबत काउंटरपर्यंत गेली. सराई शहजादात बायकांची वर्दळ नसते. दागिना बाईने घडवला, भाव बाईने ठरवला, तरी नोटा मोजून घेतो तो तिचा भाऊ, नवरा किंवा मुलगा. त्यातल्या किती घरी जशाच्या तशा पोचतात हे त्या त्या घरातल्या माणसावर अवलंबून आहे, आणि पुढच्या खेपेचा लाजवर्द त्या पोचलेल्या नोटांतूनच घ्यायचा असतो.